शेजाऱ्याची ओळख परदेशात

सहा आठवड्यांत नेता घडतो का? अमेरिकेच्या ‘मंडेला वॉशिंग्टन फेलोशिप’बद्दल हा प्रश्न नेहमी पडतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतले २५ ते ३५ वयाचे तरुण अमेरिकी विद्यापीठांत उद्योग, नागरी कार्य किंवा लोकप्रशासन शिकत, वॉशिंग्टनला एकत्र जमत आणि मायदेशी परतत. २०१४च्या पहिल्या तुकडीत ५०० जण होते.

व्याख्यानं ऑनलाइनही ऐकता येतात. खरी कमाई वर्गाबाहेरची. घानाच्या उद्योजकाला झांबियाची वकील भेटते आणि दोघांच्या अडचणी सारख्याच निघतात. एरवी व्हिसा आणि महागडं विमानभाडं आफ्रिकेतच आफ्रिकी माणसाची वाट अडवतं. शेजाऱ्याची ओळख व्हायला समुद्र ओलांडावा लागतो, हे या कार्यक्रमाचं यश आणि त्या खंडाचं दुखणंही.

पण नेता घडतो कुठे? केनियाच्या वंगारी मथाई १९६०मध्ये अमेरिकेत गेल्या, त्या जीवशास्त्र शिकायला. त्यांचं नेतृत्व घडलं ते घरी, १९७७पासून खेड्यातल्या बायकांसोबत झाडं लावताना आणि पुढे सरकारशी झगडताना. २००४चं नोबेल त्या कामाचं होतं.

म्हणून नैरोबी, अक्रा, डकार, प्रिटोरिया इथे निघालेली प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रं आम्हाला अधिक मोलाची वाटतात. मात्र तीही मुख्यतः अमेरिकी मदतीवर उभी राहिली. परक्याच्या तिजोरीवर चालणारं काम तिथलं सरकार बदललं की डळमळतं. आपल्या तरुणांचा हा खर्च आता आफ्रिकी सरकारांनी आणि उद्योगपतींनी उचलायला हवा.