वाघीण कुठे गेली?



परवा शेजारचा एक तरुण बागायतदार अंगणात येऊन बसला. संत्रा तोडणीला आलेला, आणि दिल्लीपर्यंतचे ट्रकभाडे ऐकून त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "काकाजी, रूळ आपल्या शिवाराच्या कडेनं जातात. रोज इतक्या मालगाड्या डोळ्यापुढून धावतात. मग माह्या बागेतले पन्नास कॅरेट त्या काऊन नेत नाहीत?"

प्रश्न साधा, पण उत्तरासाठी जरा मागे जावे लागते.

आपल्या वऱ्हाडात रेल्वे आली तीच मुळी मालासाठी. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. इंग्रजांना घाई होती ती आपल्या कापसाची. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' घातली तीही कापसासाठीच. जिनात सरकी निघे, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात आणि मालधक्क्यावरून वाघिणीत चढून त्या मुंबईची वाट धरीत.

मालधक्का म्हणजे काय, हे आता घरातल्या पोरांना सांगावे लागते. स्टेशनाच्या बाजूला लांबलचक ओटा, वर पत्र्याचे छप्पर, एक मालबाबू, एक काटा आणि दहा-वीस हमाल. चार चाकांच्या एका वाघिणीत वीस-बावीस टन माल मावे. एखादा अडत्या एकटा, नाहीतर चार शेतकरी मिळून वाघीण भरीत. तेवढा माल नसला तर दोन पोतीसुद्धा पावती फाडून पाठवता येत. मोठ्या जंक्शनावर या वाघिणी सोडून ज्या त्या दिशेच्या गाडीला जोडीत. माल सावकाश जाई, पण लहान माणसाचाही जाई.

अर्थात सारेच गोड नव्हते. वाघीण मिळावी म्हणून दिवस-दिवस ताटकळावे लागे. यार्डात अडकलेला माल कधी पोचेल याचा भरवसा नसे. पोती फुटत, काही वाटेत हलकी होत. मग ट्रक थेट बांधावर येऊन उभा राहू लागला. इथे भरला की पलीकडच्या बाजारातच उतरायचा. तेव्हा मालधक्क्याकडे पाठ फिरवली ती आपणही, हे विसरून चालणार नाही.

रेल्वेनेही आपला हिशेब मांडला. डबे तोडण्या-जोडण्यात वेळ आणि इंजिन दोन्ही वाया जात होते. म्हणून १९८० नंतरच्या वर्षांत तिने धोरण बदलले. सबंध गाडी एका ठिकाणी भरायची आणि एकाच ठिकाणी रिकामी करायची. अशा गाडीला चाळीसच्या वर डबे आणि पोटात अडीच हजार टनांच्या आसपास माल. कोळसा, सिमेंट, खत, लोखंड यांना ते सोयीचे झाले. त्यामुळे मालगाडी काही मेलेली नाही. आज रेल्वे वर्षाला १५० कोटी टनांहून अधिक माल वाहते. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशाच्या मालवाहतुकीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा रेल्वेचा होता, तो आता ३० टक्क्यांच्या आसपास आला आहे. बाकीचा रस्त्याने जातो, आणि डिझेल महागले की त्याचा चटका आपल्या पट्टीतच कापला जातो.

म्हणून त्या पोराला म्हटले, "बाबा, तुझा माल एक टन आणि त्यांची गाडी अडीच हजार टनांची. गाडी तुझ्यासाठी थांबायची कशी?"

ती थांबवायची वाट मात्र आपल्या लोकांनी दाखवलेली आहे. खानदेशात केळीवाल्यांनी फळविक्री सोसायट्यांतून गावोगावचा माल एकत्र केला आणि सावदा, रावेरसारख्या स्टेशनांवरून दिल्लीला गाड्या भरून पाठवल्या. अलीकडे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. वाटेतल्या स्टेशनांवर तिने थोडाथोडका मालही घेतला. फळे-भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सवलत होती. सांगोल्याचे डाळिंब आणि आपला संत्राही अशा गाड्यांनी परप्रांतात गेला. पुढे सवलतीचा आधार राहिला नाही, तशा गाड्याही विरळ झाल्या. धडा एवढाच, की नुसत्या सवलतीवर उभी राहिलेली गाडी सवलतीबरोबर जाते. नेमाने माल देणारे गाव मागे असेल, तरच ती टिकते.

जवळच्या बाजारासाठी ट्रकच बरा. उगाच चारदा चढ-उतार करून फळ दुखवू नये. पण पल्ला हजार किलोमीटरचा असेल, तर दहा-वीस गावांनी मिळून तोडणीच्या आधीच बसावे. कोणाचा किती माल, कोणत्या आठवड्यात, कोणत्या बाजाराला, हे कागदावर मांडावे. तो कागद घेऊन रेल्वेच्या विभागीय कचेरीत जावे आणि भाडे विचारावे. ट्रकच्या भाड्यात हमाली आणि नासाडी धरून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. स्वस्त पडेल ते करावे.

पोरगा उठताना म्हणाला, "म्हंजे आधी गाव जमवा लागते."

तेच तर! गाव करी ते राव न करी. या हंगामात कोणी असा हिशेब मांडलाच, तर आम्हाला जरूर कळवा. इतरांच्या उपयोगी पडेल.