बुरशीची कात्री



आपण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबतो, पण आपले कितीतरी भाऊबंद गावाकडे दुसऱ्याच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणी करतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून ही माहिती घराघरांत पोचावी.

मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मातीत आढळते. ती किडीने खावी लागत नाही; बीजाणू अंगाला चिकटला की पुरे. किडीचे कवच प्रथिने व कायटिनचे असते. त्याचा स्पर्श होताच बुरशीतील काही जनुके जागी होतात आणि कात्रीसारखी एन्झाइमे तयार करतात. प्रोटिएज प्रथिने तोडते, कायटिनेज कायटिन. मग बुरशी आत शिरते व काही दिवसांत कीड मरते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे व सहकाऱ्यांनी तूर-हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी याच बुरशीवर संशोधन केले. 1996 साली अमेरिकेत प्रोटिएजच्या जनुकाच्या जादा प्रती बुरशीत घातल्या, तेव्हा अळ्या सुमारे 25 टक्के कमी वेळात मेल्या.

बुरशी सावकाश काम करते, तिला ओलावा लागतो, कडक उन्हात ती टिकत नाही. म्हणून संध्याकाळी फवारावी. बुरशीनाशकात मिसळू नये. तोंडाला फडके बांधावेच.

गावी पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा एवढे जरूर सांगा. पीक वाचवताना मजूरही वाचला, तरच विज्ञान बहुजनांच्या हिताचे.

जय भीम!