फरशीवरचा रंग

सातारा जिल्ह्यातलं कुमठे हे शाळांचं बीट दहाएक वर्षांपूर्वी शिक्षकांची पंढरी झालं होतं. राज्यभरातून गुरुजी आणि बाई गाड्या करून तिथं जात, आणि गावी परतल्यावर पहिलं काम करत ते म्हणजे वर्गाची फरशी रंगवून घेणं. अंकांचे चौकोन, अक्षरांची चक्रं, बाराखडीची चौकट. लोकवर्गणीतून रंगाचे डबे आले. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि हा रंग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. अधिकारी भेटीला आले की फरशीचा फोटो व्हायचा.

कुमठ्यात रंगीत फरशी होती हे खरंच. पण तिथलं खरं काम होतं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांमध्ये मूल कसं शिकतं यावर चाललेल्या बोलण्यांचं. बोलण्याचा फोटो निघत नाही. फरशीचा निघतो. म्हणून फरशीच गावोगाव गेली.

या शाळा जिल्हा परिषदेच्या, पण अभ्यासक्रमाच्या बाबतीत तिच्या हातात तसं फार काही नसतं. तो पुण्यात ठरतो. पुस्तकं 1967 मध्ये स्थापन झालेली बालभारती काढते. झेडपीला एक धडाही इकडचा तिकडे करता येत नाही. तिच्या हातात असतो फक्त वेग: तिसरीच्या वर्गात जोडाक्षराला अडखळणाऱ्या मुलासाठी गुरुजींनी पुस्तक आठवडाभर मिटून ठेवलं, तर त्यांना जाब विचारायचा की पाठीशी उभं राहायचं. माझ्या मते जिल्ह्याचं शैक्षणिक धोरण म्हणतात ते एवढंच. बाकीची परिपत्रकं.

पुस्तक मिटून ठेवण्याचा हा विचार काही परदेशातून आलेला नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवायला सुरुवात केली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसणाऱ्या बालसखींचा उपयोग अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी मोजून पाहिला. या दोघांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही होतं. म्हणजे गोष्ट घरचीच, पण घरात तिला जागा मिळते ती शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला. दिवसभर न समजलेला धडा ऐकून दमलेल्या मुलाला आणखी अर्धा तास थांबवायचं, याला आपण आधार म्हणतो. मुलाच्या लेखी ती शिक्षाच.

मध्यंतरी एका द्विशिक्षकी शाळेत दुपारभर बसलो होतो. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातले एक ट्रेनिंगला गेलेले. उरलेल्या बाईंपाशी चाचणीचे गुण भरायची यादी होती आणि रेंज येत नव्हती. कोणत्या मुलाला काय येतं हे त्यांना चाचणीआधीच तोंडपाठ होतं. ‘ही शब्दावर आहे, तो अजून अक्षरावर, याला हातच्याची वजाबाकी जमत नाही,’ त्या बोट दाखवत सांगत गेल्या. मग म्हणाल्या, ‘सर, हे मला कळतंय. पण पुढं काय करायचं, ते कुणाशी बोलू?’

यासाठीच तर केंद्रप्रमुख नेमले. 1994 मध्ये आसपासच्या दहाएक शाळा मिळून एक केंद्र, अशी रचना झाली. राज्यभर 4,860 पदं. कागदावर इतकी चांगली सोय दुसरी नाही: शिक्षकाच्या जवळचा, शिकवण्याचा अनुभव असलेला, ऐकून घेणारा माणूस. पण पुष्कळ पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली. तिथला कारभार दुसऱ्या केंद्राच्या नाहीतर एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो, आणि त्या शिक्षकाचा वर्ग मग कोण घेतं हे विचारू नये. जे केंद्रप्रमुख आहेत, तेही माहिती गोळा करून वर धाडण्यात बुडालेले. यू-डायस, पोषण आहार, आधार. वर्गात तासभर बसायचं तर कुठली तरी माहिती उशिरा जाणार, आणि फोन त्या उशिराबद्दल येतो.

‘निपुण’ अभियानाला माझा विरोध नाही. तिसरीपर्यंत मुलाला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे, हे कुणी अमान्य करेल? अडचण अशी की मोजमापाची यंत्रणा दरवर्षी भक्कम होते आणि मोजल्यानंतर मदतीला जाणाऱ्या माणसांची जागा रिकामीच राहते. तापमापक घरोघर, डॉक्टर मात्र प्रभारी.

त्या बाईंच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. गेल्या परिषदेत काय झालं, असं मी विचारलं. पहिला विषय ऑनलाइन माहिती, दुसरा शाळा तपासणी, तिसरा अहवालाचे नमुने. चौथा ‘अध्ययन स्तर’ असा होता. तोवर जेवणाची वेळ झाली.