शेवटच्या घोड्याचंही नाव घ्या

प्रति,
अध्यक्ष आणि व्यवस्थापन समिती,
रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, महालक्ष्मी, मुंबई



महालक्ष्मीचा भाडेपट्टा, जमीन, उद्यान यांवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचंय ते कॉमेंट्रीबद्दल. १८८३पासून महालक्ष्मीवर घोडे धावताहेत, १९४३पासून इंडियन डर्बी होते आहे, आणि तरीही कॉमेंट्री चांगली कशाला म्हणायची, यावर आपल्याकडे कुणी गांभीर्यानं बोललेलं माझ्या वाचनात नाही.

घोडे पलीकडच्या बाजूला गेले की पब्लिक स्टँडमधल्या माणसाला दिसतो तो रंगांचा एक हलता पुंजका. गळ्यात दुर्बीण असेल त्याला थोडं कळतं. मोठ्या पडद्यावरही बहुतेक वेळ पुढचे तीन-चार घोडेच दिसतात. बाकी सगळा भरवसा कॉमेंटेटरवर. नवव्या नंबरवर धावणाऱ्या घोड्यावरही कुणीतरी कष्टाचे पैसे लावलेले असतात. तो घोडा आहे कुठे, रेलिंगला अडकलाय की बाहेरून मोकळा धावतोय, हे कळण्याचा त्या माणसाला हक्क आहे. म्हणून कॉमेंटेटरला जोखताना मी आधी एकच गोष्ट बघतो. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या घोड्यांची नावं त्यानं निदान एकदा घेतली का? हजार मीटरची शर्यत मिनिटभरात संपते, तिथे हे अवघड आहे, कबूल. पण चौदाशे-सोळाशे मीटरला सबब चालत नाही. वाईट कॉमेंट्रीत घोडे ‘अचानक’ येतात. शेवटच्या दोनशे मीटरला एखादं नाव पहिल्यांदाच कानावर पडतं आणि तोच घोडा जिंकतो. तो काही आकाशातून पडलेला नसतो. चारशे मीटर आधीपासून तो एकेकाला मागे टाकत येत असतो, फक्त सांगणाऱ्याची नजर पुढच्या तिघांवरून हललेली नसते.

ही नजर तयार कशी होते, ते जवळून बघण्यासारखं आहे. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात जाणता कॉमेंटेटर रेसकार्ड घेऊन बसतो आणि प्रत्येक नावापुढे रंगीत पेन्सिलीनं जॉकीचं जॅकेट, बाह्या, टोपी रंगवतो. एकाच मालकाचे दोन घोडे असतील तर जॅकेट सारखं, फरक टोपीचा, म्हणून तिथे खूण जास्त ठळक. मग पॅडॉकमध्ये घोडे फिरत असताना नाव आणि रंग यांची जोडी पुन्हा पुन्हा घोकायची. चौदा घोड्यांची शर्यत संपली की ती चौदा नावं पुसून टाकायची आणि पुढच्या शर्यतीची चौदा भरायची. आपल्याच क्लबच्या पुण्याच्या हंगामात तर पावसाची भर. जुलै-ऑगस्टमध्ये सर लागली की पिवळं जॅकेट आणि पांढरं जॅकेट लांबून एकच दिसतं. मग कपाळावरचा पांढरा पट्टा, नाकावरची लोकरीची पट्टी, डोळ्यांवरची झापडं, जॉकीची बसण्याची ढब, यांवरून ओळखावं लागतं. ही तयारी ज्यानं केलेली नसते तो आवाज चढवून वेळ मारून नेतो.

या तयारीचं मोल १९६७च्या ग्रँड नॅशनलमध्ये जगाला कळलं. इंग्लंडातल्या एंट्री इथल्या त्या शर्यतीत तेविसाव्या कुंपणापाशी एक विनाजॉकी घोडा आडवा गेला आणि सगळा जथा एकमेकांवर आदळला. कोणी पडले, कोणी मागे फिरले, जॉकी पायी घोड्यांमागे धावू लागले. त्या कोलाहलातून बराच मागे असलेला एक घोडा वाट काढत एकटा पुढे निघाला. त्या टप्प्यावर टीव्हीसाठी बोलत असलेल्या मायकल ओ'हेहिर यांनी त्याला बरोबर ओळखलं: फॉइनाव्हन, भाव एकास शंभर. ते कसं जमलं? शर्यतीआधी ते जॉकींच्या खोलीत जाऊन रंग पाहून आले होते. एका जॉकीच्या अंगावरचे रंग अनोळखी वाटले, तेव्हा त्यांनी थेट त्यालाच विचारून घेतलं होतं. ज्या घोड्याला कोणी हिशेबात धरत नव्हतं त्याचेही रंग पाठ करून आलेला माणूस होता, म्हणून लोकांना त्या क्षणी खरं काय ते कळलं. आजही मी कॉमेंट्री शिकू पाहणाऱ्या होतकरू मुलांना ती शर्यत डोळे मिटून ऐकायला सांगतो.

दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियाचे बिल कॉलिन्स अचूकतेसाठी नावाजलेले. तेच १९८२च्या कॉक्स प्लेट शर्यतीत वळणावर बोलून गेले की किंग्स्टन टाउन आता जिंकू शकत नाही. तो जिंकला, आणि सलग तिसऱ्यांदा. एवढा मोठा माणूसही एका वाक्यापुरता नजर सोडून अंदाजाकडे घसरला आणि तेच वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. निकालाची घाई फार महागात पडते. एका रेसकोर्सवर, नाव घेत नाही, दोन घोडे नाकाला नाक लावून आले असताना कॉमेंटेटरनं छातीठोकपणे एकाचं नाव पुकारलं. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी आपलं तिकीट फाडून टाकलं. फोटो-फिनिशमध्ये त्यांचा घोडा जिंकलेला निघाला. ते वाकून खाली तुकडे शोधत होते, ते मला बघवलं नाही. ‘फोटो आहे, तिकिटं जपा’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

चूक झालीच तर तिथल्या तिथे सुधारावी. अमेरिकेतल्या १९४७च्या प्रीकनेस शर्यतीत क्लेम मॅकार्थी यांनी रेडिओवरून जेट पायलट जिंकल्याचं जाहीर केलं, जिंकला होता फॉल्टलेस. ऐन वळणावर प्रेक्षकांच्या गर्दीनं त्यांची नजर अडली होती. चूक लक्षात येताच त्यांनी माइकवरच ती मान्य केली. व्यवस्थापनानं यातून घेण्यासारखं असं की कॉमेंटेटरला उंच, मोकळी, समोर कोणी येणार नाही अशी जागा मिळायलाच हवी.

आणि निःपक्षपातीपणा. बीबीसीचे पीटर ओ'सुलेव्हन यांनी १९७४ साली चेल्टनहॅमला ट्रायम्फ हर्डल शर्यतीची कॉमेंट्री केली. जिंकणारा ॲटिव्हो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. आवाजावरून ते ओळखू येत नाही.

आता माझी मुख्य मागणी. इंग्रजी कॉमेंट्री चालू ठेवा, पण पब्लिक स्टँडसाठी तिच्या जोडीला मराठी कॉमेंट्री सुरू करा. मराठीत हे जमेल का, ही शंका मनातून काढून टाका. क्रिकेटची मराठी कॉमेंट्री बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून घराघरात नेली, तेव्हाही लोक शंका घेतच होते. धावत्या जनावराबद्दल धावत्या मराठीत बोलणारी माणसं तर पुण्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. खेड, जुन्नर, आंबेगावच्या बैलगाडा घाटात जाऊन ऐका. गाडा सुटतो, पुढे घोडी उधळते, ‘भिर्रर्र’ होते आणि अवघ्या काही सेकंदांच्या त्या बारीत निवेदक गाड्याचं, गावाचं, बैलांचं नाव श्वास न मोडता सांगतो. त्यांच्याकडे जीभ आहे, दम आहे, जनावराची पारख आहे. गाडामालकाचं कौतुक गाण्याची घाटातली सवय मात्र रेसकोर्सवर सोडावी लागेल, आणि एका गाड्याऐवजी चौदा घोडे एकदम पेलायला शिकावं लागेल. ते शिकवता येतं. घोडा ‘चौखूर सुटला’, ‘टाच मारली तरी हलेना’, ‘दमसास संपला’ हे कानावर पडलं तर स्टँडमधल्या किती जणांना शर्यत पहिल्यांदा नीट समजेल, याचा विचार करा.

निवडीसाठी भारदस्त आवाज शोधू नका. उमेदवाराला पुण्याच्या पावसाळी दिवशी दुर्बीण आणि रेसकार्ड द्या, माइक बंद ठेवा आणि चौदा घोड्यांची एक शर्यत रेकॉर्डरवर बोलायला लावा. मग ती चित्रफितीशी ताडून पाहा: किती नावं आली, किती चुकली, जिंकणाऱ्या घोड्याचं नाव शर्यतीत पहिल्यांदा कधी घेतलं, शेवटच्याचं घेतलं की नाही. पुण्याचा पुढचा हंगाम जुलैत सुरू होईल. दिवसाच्या पहिल्या दोन शर्यतींपासून मराठीचा प्रयोग करता येईल, आणि या चाचणीसाठी काही कसदार मुलं सुचवायला मी तयार आहे.

आपला,
पब्लिक स्टँडमधला एक जुना रेसप्रेमी