विमानावरची काजळी

खोक्यावरचे चित्र नेहमी गर्जना करीत असते. ढग फाटलेले, पंखांतून आगीच्या रेषा सुटलेल्या आणि एका कोपऱ्यात धूर सोडत खाली जाणारे शत्रूचे विमान. खोके उघडले की आत निघतात राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले पन्नास-साठ तुकडे, सूचनांचा एक कागद आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा छोटासा ताव. लढाऊ विमानांच्या मॉडेलचे हे किट दिवाळीच्या सुटीत किंवा वाढदिवसाला घरात येते. दोन दिवसांत मुलगा ते जोडतो, तिसऱ्या दिवशी घाईने हिरवा रंग फासतो, चौथ्या दिवशी ते कपाटावर जाते. आईला मात्र पहिल्या दिवसापासून एक प्रश्न पडलेला असतो. ही युद्धाची खेळणी घरात हवीत कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या यंत्राने माणसे मारली त्याची सुबक प्रतिकृती दिवाणखान्यात ठेवायची, तिच्यावरची धूळ फुंकायची आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची, यात काहीतरी खटकण्याजोगे आहेच. माझे उत्तर असे, की ते विमान कसे रंगवले यावर सारे अवलंबून आहे. ते समजण्यासाठी या छंदाच्या जरा जवळ जावे लागेल.

मॉडेल विमानांचे सर्वांत रूढ प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. या प्रमाणाची सर्वांत मोठी मागणी आली ती युद्धाकडूनच. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशातल्या शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल विमाने मागवली. मुलांनी ती लाकडात कोरायची आणि काळी रंगवायची. सैनिकांना आकाशातले विमान आपले की परके हे आकारावरून ओळखता यावे, हा हेतू. पस्तीस फुटांवर धरलेले असे मॉडेल सुमारे अडीच हजार फुटांवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. हिशेब साधा गुणाकाराचा आहे. त्या काळ्या विमानांना नाव नव्हते, क्रमांक नव्हता, आत कोणी बसलेले नव्हते. ओळखायचे आणि गोळी झाडायची की नाही ते ठरवायचे, एवढेच त्यांचे काम.

युद्ध संपल्यावर प्लॅस्टिकचे किट घरोघर पोहोचले. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये याच प्रमाणातले स्पिटफायर बाजारात आणले आणि एका पिढीच्या बोटांना सिमेंटचे डाग पडले. आता विमान काळे ठेवून भागत नव्हते. ते कोणाचे, कुठले, कोणत्या साली उडालेले, हे सांगणे आले; आणि ते सांगायचे साधन म्हणजे रंग.

रंगकामाची रीत घर रंगवणाऱ्या कारागिराला लगेच कळेल. आधी तुकडे साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. जोडणीच्या फटीत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायची, मग अस्तराचा हात. अस्तर लागले की दडलेला प्रत्येक दोष वर येतो, पुन्हा घासायचे. मग मुख्य रंग पातळ करून, एका जाड हाताऐवजी तीन पातळ हातांनी. काचेची झाकणे चिकटपट्टीने झाकायची. चिन्हे लावण्याआधी मात्र अंगाला तकाकी आणणारे वॉर्निश द्यावे लागते, कारण खरखरीत पृष्ठभागावर चिन्हाच्या पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. चिन्हे बसली की पत्र्यांच्या सांध्यांतून पातळ गडद रंग सोडायचा, जादा पुसून घ्यायचा आणि शेवटी तकाकी मारणारे मॅट वॉर्निश. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात किती जपून चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शेवटच्या टप्प्याचे मोल सांगावे लागणार नाही.

यात नजरेचेही एक शास्त्र आहे. खऱ्या विमानाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर तो जास्तच गडद वाटतो. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो, मध्ये हवा असते आणि हवा रंग फिका करते. म्हणून जाणकार रंगात थोडा पांढरा मिसळतात आणि काळ्याच्या जागी अगदी गडद करडा वापरतात. लांब अंतरावरच्या गोष्टीचा रंग ठरवताना मधली हवा हिशेबात घ्यावी, हे इतिहास वाचतानाही उपयोगी पडते.

पण कोणता रंग, हे ठरवणे सर्वांत अवघड. युद्धात विमानाला रंग लावतात तो लपण्यासाठी. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनसाठी हेरगिरीची छायाचित्रणे केली. त्याने सांगितलेली हकीगत अशी, की लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरवट रंगाचे खासगी विमान उडाले आणि पाहता पाहता आकाशात विरघळून गेले. कॉटनने तो रंग हेरला आणि आपल्या विमानांसाठी तसाच करवून घेतला. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाला पुढे लागलेला ‘स्काय’ नावाचा रंग त्याच घराण्यातला मानतात. कमी उंचीवरून छायाचित्रे घेणारी काही स्पिटफायर तर चक्क गुलाबी होती, कारण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ढगांत गुलाबीच लपतो. मुलाला गुलाबी लढाऊ विमान दाखवा. तो आधी हसेल आणि मग विचारेल, असे का? त्या ‘का’मध्ये शाळेतल्या इतिहासाच्या चार तासांचे काम होते.

जन्मभर बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या छंदात सर्वांत भावते ती व्हाउचर मागण्याची सवय. चांगला मॉडेलकार ‘साधारण स्पिटफायर’ रंगवत नाही. तो एक ठरावीक क्रमांकाचे विमान निवडतो आणि त्याचे छायाचित्र शोधतो. डाग टाकायचा तर त्याला कारण हवे. इंजिनाचा धूर ज्या बाजूला वाहतो त्याच बाजूला काजळी. स्पिटफायरमध्ये चढायचे छोटे दार डाव्या बाजूला, म्हणून रंग झिजलेला दिसायला हवा तो डाव्या पंखाच्या मुळाशी. त्याच्या मशीनगनच्या तोंडांवर थंडी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून लाल कापडाच्या चकत्या चिकटवत. चकत्या शाबूत असतील तर या विमानाने अजून गोळी झाडलेली नाही. चकत्या फाटल्या असतील आणि मागे काळे ओघळ असतील तर ते लढून परत आले आहे. दोन मिलिमीटरच्या लाल ठिपक्यात ही गोष्ट सांगता येते. मी कादंबऱ्या लिहितो. एका ठिपक्यात इतके सांगणे आम्हाला क्वचित जमते.

चिन्हांच्या त्या तावावर कधी कधी कॉकपिटखाली लावायची लहान लहान चिन्हेही असतात. वैमानिकाने पाडलेल्या विमानांची ती मोजणी. मुलगा ती उत्साहाने लावतो. इथे मोठ्यांनी जवळ बसावे. त्यांतले प्रत्येक चिन्ह हेही एक विमान होते, आणि त्यातही कोणी बसलेले होते, हे वाक्य त्या क्षणी सांगितले तर लक्षात राहते. परीक्षेच्या निबंधात लिहून राहत नाही. जर्मन विमानांचा प्रश्न आणखी टोकदार आहे. जर्मनीत नाझी चिन्हांच्या प्रदर्शनावर कायद्याने बंधने आहेत. म्हणून अनेक कंपन्या विमानाच्या शेपटीवरचे स्वस्तिक तावातून गाळतात किंवा दोन तुकड्यांत छापतात. आपल्या घरात तर स्वस्तिक उंबरठ्यावर असते. मुलगा विचारणारच, आपले चिन्ह यांच्या विमानावर कसे? उत्तर देण्याची तयारी नसेल तर ते किट आणू नये. आणले तर उत्तर टाळू नये.

या छंदाची राजधानी म्हणावी असे शहर जपानमध्ये आहे, शिझुओका. जून १९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी ते जाळले. सुमारे दोन हजार माणसे मेली. त्याच रात्री दोन बी-२९ आकाशात एकमेकांवर आदळली आणि त्यांतले तेवीस अमेरिकनही गेले. शिझुओकाच्या एका रहिवाशाने त्या परक्यांनाही माती दिली. पुढे शहराजवळच्या टेकडीवर दोन्हीकडच्या मृतांची स्मारके उभी राहिली आणि तिथे दरवर्षी जपानी आणि अमेरिकन एकत्र येऊन आदरांजली वाहू लागले. याच शहरात १९४६ साली लाकूड कापण्याच्या गिरणीपासून सुरुवात करून तामिया कंपनी लाकडी आणि नंतर प्लॅस्टिकच्या मॉडेलांकडे वळली. आज या परिसरात अशा अनेक नामवंत कंपन्या आहेत. युद्धाने जळालेल्या गावाने युद्धाची यंत्रे हातात घेऊन, उलटीपालटी करून, त्यांचा एकेक खिळा मोजला. याला युद्धाचे प्रेम म्हणता येणार नाही. ज्याने आपले घर जाळले त्याच्याकडे निरखून पाहण्याचाही तो एक मार्ग असू शकतो.

आता आपल्या घराकडे येऊ. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ पासूनची बासष्ट वर्षांची नोकरी. यांतली सहाशेहून अधिक विमाने भारतात तयार झाली आणि त्यांचे सांगाडे जोडले गेले ते नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात. महाराष्ट्रातल्या मुलाने एकच लढाऊ विमान रंगवायचे ठरवले तर ते मिग-२१ असावे असे मला वाटते. ते सोपे मात्र नाही. सुरुवातीची मिग चंदेरी, उघड्या धातूची. चंदेरी रंगाखाली नखाचा ओरखडासुद्धा लपत नाही. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर घाईघाईने लपवणारे रंग चढवले गेले आणि त्यात एकसारखेपणा नव्हता. म्हणजे किटमधल्या छापील तक्त्यावर विसंबून चालत नाही. छायाचित्र शोधावे लागते, माणसे शोधावी लागतात.

आणि माणसे आहेत. ओझरला ज्यांची सारी नोकरी गेली असे आजोबा नाशिकच्या कितीतरी घरांत असतील. हवाई दलात विमानांची देखभाल केलेले निवृत्त लोक पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात भेटतील. रंगाची बाटली उघडण्याआधी मुलाला त्यांच्याकडे न्यावे. पत्रा कुठे तापून निळसर व्हायचा, तेल कुठून ठिबकायचे, शिडी कुठे लागायची, हे त्यांना विचारावे. ज्याला आजवर कोणी काही विचारले नाही असा माणूस तासभर बोलेल.

त्या बोलण्यात दुसरी बाजूही येईल, आणि ती यायला हवी. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारी मिग-२१ आपल्या अभिमानाची आहेत. पण २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की घेतलेल्या ८७२ मिग जातीच्या विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यांशिवाय ३९ नागरिकही गेले. हा आकडा खोक्यावरच्या चित्रात नसतो. तो घरातल्या मोठ्यांनी सांगायचा असतो, मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत.

म्हणून आईच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. घाईने रंगवलेले, स्वच्छ, चकचकीत विमान खरोखरच नुसते युद्धाचे खेळणे आहे. ते मुलाला एवढेच सांगते की युद्ध म्हणजे वेग आणि विजय. त्याबद्दलची आपली काळजी रास्त आहे. पण ज्या विमानावर कारणासह काजळी आहे, ज्याचा क्रमांक खरा आहे, ज्याच्या कॉकपिटमध्ये कोण बसत होते हे रंगवणाऱ्याला ठाऊक आहे, ते घरात असावे. त्यासाठी तीस-चाळीस तास लागतात. तेवढा वेळ एका विमानाजवळ बसलेला मुलगा युद्धाबद्दल सवंग बोलण्याची शक्यता कमी.

खर्च जरा जास्त येतो, हे मान्य. पण एकदम एअरब्रश घेण्याची गरज नाही. दोन चांगले कुंचले, पाण्यात मिसळणारे चार-पाच रंग आणि पॉलिश पेपर यांवर सुरुवात होते. थिनरचे रंग वापरायचे असतील तर खिडकी उघडी ठेवावी आणि लहानांना एकटे बसवू नये. फवारा मारताना नाकाला मास्क हवा. आणि पूर्ण झालेल्या विमानाखाली लाकडाची पट्टी लावून तीवर तीन गोष्टी लिहाव्यात: विमानाचा क्रमांक, साल आणि त्यातून उडालेल्या माणसाचे नाव. नाव मिळाले नाही तर शोध चालू ठेवावा. पट्टीवरची ती जागा तोवर मोकळी राहू द्यावी.