घरात सून आली तरी

थोरल्याचे लग्न झाले की घरातली एकुलती एक खोली नव्या जोडप्याला जाते. ते योग्यच. मग घरधनी राखणीच्या निमित्ताने मळ्यातल्या खोपीत निजायला जातो आणि घरधनीण माजघरात नातवंडांपाशी पडते. वय असते पन्नासच्या आसपास. "आता काय हे वय आहे का?" असे दोघेही मनाशी म्हणतात. खरे सांगायचे तर दोघांना ते सोयीचेही वाटते, कारण दोघांनी काहीतरी दडवलेले असते.

जवळ आल्यावर दुखते, हे ती सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५० च्या दरम्यान जाते. त्यानंतर आतला ओलावा कमी होतो, कातडी नाजूक होते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले! औषधाच्या दुकानात यासाठी वंगणाची जेली मिळते. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर मलम देतात. मात्र पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर गेले, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवा.

पूर्वीसारखा ताठरपणा येत नाही, हे तो सांगत नाही. वयाने थोडा वेळ लागणारच. बैल थकला की आपण त्याला दमाने घेतो, स्वतःला मात्र घेत नाही. पण महिनोन् महिने तसेच राहिले तर साखर किंवा रक्तदाब असू शकतो. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बरेचदा आधी तुंबतात. छातीत कळ येण्याच्या काही वर्षे आधी मिळालेली ही वर्दी असू शकते. तंबाखूने त्यात भरच पडते. आणि आपला माणूस जातो कुठे? बाजारच्या दिवशी तंबूतल्या जडीबुटीवाल्याकडे! अशा पुड्यांत इंग्रजी गोळीच कुटून घातलेली अनेकदा सापडली आहे. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी चालू असेल, तर ती पुडी जिवावर बेतू शकते.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. लाज वाटली तर आधी "साखर बघा" एवढेच म्हणा. बाकीचे मग बोलता येईल.

आणि रात्रपाळीची वीज असली की पाणी धरायला तिलाही बरोबर न्या. खोपीत दोन बाजा मावतात. नुसते बोलत पडलात तरी चालेल. सुनेला काय वाटेल, ही चिंता नको. तिला ते कधीच कळलेले असते.