वाकणारे सांधे आणि जागी मज्जासंस्था

अंगठा वाकवून मनगटाला टेकवणारी, गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला लावणारी मुलगी घरात कौतुकाचा विषय असते. तीच पुढे महाविद्यालयात जाऊ लागते, सकाळची विरार लोकल धरते, आणि वर्षभरात तक्रारी सुरू होतात. मान, खांदे, घोटे दुखतात. गर्दीत उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते. पोट बिघडलेलेच असते. रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. रक्ताची तपासणी निर्दोष, एक्स-रे निर्दोष. वसई, नालासोपारा, मग थेट मुंबई, असे दवाखाने बदलले जातात आणि अखेरीस घरात हलक्या आवाजात निकाल लागतो : मनाचे खेळ आहेत.

हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा ठरतो. सांध्यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन काहींच्या शरीरात जन्मतःच सैल असते. सांधा आपल्या मर्यादेपलीकडे सरकतो, त्याला आवरण्यासाठी स्नायू दिवसभर राबतात. हात-पाय नेमके कोठे आहेत, याची वार्ताही मेंदूला धूसर मिळते. वेदनेचे संदेश वर्षानुवर्षे येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू अधिकाधिक सावध होतात. मग साध्या स्पर्शाचा, आवाजाचा, थंडीचाही त्रास होऊ लागतो. पेढीवरच्या पहारेकऱ्याने मांजराच्या चाहुलीलाही घंटा वाजवावी, तसे हे असते. घंटा खरी असते. वेदनाही खरीच असते.

धडधडीचे कारण निराळे. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. रक्तवाहिन्यांनी आवळून ते वर ढकलायचे असते. ते पुरेसे न झाल्यास हृदय वेगाने धावून भरपाई करते. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी वा त्याहून अधिक वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब मात्र उतरला नाही, तर डॉक्टर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार करतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही घबराटच वाटते.

तथापि लवचीकता म्हणजे रोग नव्हे. मुंबईतील मुलांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांचे सांधे अतिलवचीक आढळले होते. त्यांतील बहुतेक आनंदाने खेळत असणार. तपासणीसाठी नऊ गुणांची बायटन मोजणी वापरतात. पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांत पाच गुण पुरेसे मानतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एहलर्स-डॅनलॉस विकाराचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अतिलवचीक प्रकाराचे जनुक अद्याप हाती लागलेले नाही, म्हणून निदान कुटुंबाच्या इतिहासावर आणि अंगतपासणीवरच होते. येथे घरच्यांचे मौन आड येते. स्थळे पाहण्याच्या काळात आईचे वारंवार निखळणारे खांदे, आत्याचे जुने अंगदुखणे झाकून ठेवले जाते, आणि डॉक्टरांपुढेही ते उच्चारले जात नाही. घराण्यात कोणाची मोठी रक्तवाहिनी तरुणपणी अकस्मात फुटली असेल, तर ते लपवणे धोक्याचेही आहे.

उपचारांत सर्वाधिक भार व्यायामावर असतो. अंग ताणण्याचा नव्हे, तर स्नायूंना बळ देणारा, अगदी थोड्यापासून वाढवत नेलेला. योगवर्गात सर्वांत अधिक वाकणाऱ्या मुलीने तेथेच थोडे कमी वाकावे. पॉट्स असल्यास डॉक्टर पाणी आणि मीठ वाढवण्यास सांगतात. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हे स्वतःच्या मनाने करू नये.

पर्युषणात हा प्रश्न अधिक अवघड होतो. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी चालते, चौविहारात तेही नाही. त्यात लांबलेल्या प्रतिक्रमणात उभे राहणे आले. अशा मुलीला भोवळ आली, तर तिची श्रद्धा उणी पडली असे कोणी समजू नये. पच्चक्खाण घेण्यापूर्वी तिने डॉक्टरांना विचारावे आणि आपली अवस्था महाराजसाहेबांनाही मोकळेपणी सांगावी. पच्चक्खाणाच्या पाठात आजारपणासाठी आगार पूर्वापार ठेवलेला आहे.